चोवीस क्विंटल आणि पाच क्विंटल

वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी धंदा, मजुरी आणि दान यांच्याविषयी आहेत. त्यांतील पाच येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेने गाळली असून, पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे त्याला इलाज नाही.

प्रश्न : आमचे तालुक्याच्या गावी भुसार मालाचे दुकान आहे. वडील गेल्या पावसाळ्यात प्रभूकडे गेले आणि दुकान माझ्याकडे आले. ते मंडळीचे, म्हणजे आमच्या चर्चचे, पंच होते. दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा देवाला देणे, त्यांनी कधी चुकवला नाही, आणि दर नाताळाला वीस विधवांच्या घरी पंचवीस-पंचवीस किलो ज्वारी ते स्वतः पोचवीत. जुने कागद लावताना काट्यावरची कच्ची चिठ्ठी आणि शेतकऱ्याला दिलेली पट्टी (मालाच्या हिशेबाचा कागद) यांत मला फरक दिसला. क्विंटलमागे दोन किलो कडता, म्हणजे वजनातली घट, कापला जात होता आणि तो पट्टीवर कोठेही नव्हता. वर्षाची खरेदी साधारण १,२०० क्विंटल असते. आमच्या जुन्या हमालाला विचारले तर तो म्हणाला, “दादा, सगळेच कापतात, मालकांनी तर कमीच कापला.” मंडळीतील एका वडीलधाऱ्या पंचांच्या कानी घातले, तेव्हा ते म्हणाले, “त्यांनी गरिबांना एवढे दिले आहे की देवाच्या वहीत ते केव्हाच फिटले असेल. गेलेल्या माणसाची वही उघडू नये.” मी काय करावे? आणि कडता बंद केला तर शेजारच्या दुकानापुढे माझा निभाव लागेल का?
— एक वाचक, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : प्रिय बंधू, आपल्या पत्रातले आकडे आधी एकाखाली एक मांडू. १,२०० क्विंटलांवर दोन-दोन किलो म्हणजे वर्षाला २,४०० किलो, अर्थात २४ क्विंटल. वीस घरांना पंचवीस किलोप्रमाणे ५०० किलो, म्हणजे ५ क्विंटल. शेतकऱ्याच्या खळ्यावरून न विचारता २४ क्विंटल आले, त्यांतले ५ क्विंटल नाताळाची भेट म्हणून गेले आणि १९ क्विंटल घरात राहिले. ज्या विधवांच्या दारात ती ज्वारी उतरली, त्यांच्यापैकी एखादीच्या भावाने किंवा दिरानेच ती आपल्या दुकानी आणून घातली असेल, हेही अशक्य नाही. हा हिशेब मी आपल्या वडिलांना ढोंगी ठरवण्यासाठी मांडत नाही. ते ढोंगी नसावेत असेच मला वाटते, कारण ढोंगी माणूस ज्वारीचे पोते स्वतःच्या खांद्यावर घेऊन विधवेच्या घरी जात नाही. त्यांची अडचण अशी झाली की काट्याची वही आणि दानाची वही या दोन वेगळ्या फडताळांत राहिल्या, आणि दोन्ही एकदम उघडून पाहण्याची वेळ त्यांच्यावर कोणी आणली नाही. आम्ही मंडळीवाल्यांनीही आणली नाही, कारण त्यांच्या दानाच्या वहीत आम्हालाही रस होता.

मी स्वतः एका खरेदी-विक्री संघात हिशेबनीस होतो. नोकरीला लागलो तेव्हा तराजू आणि लोखंडी वजने होती. पहिल्याच आठवड्यात आमच्या म्हाताऱ्या मापाड्याने एका व्यापाऱ्याकडून आलेले वीस किलोचे वजन मला उलटे करायला लावले. अशा वजनाच्या अंगात एक भोक ठेवलेले असते, त्यात शिसे ओतलेले असते आणि त्या शिशावर सरकारी खात्याचा शिक्का उमटवलेला असतो. त्या वजनातले शिसे चाकूने खरवडून खड्डा केला होता आणि वरून मेण व काळा रंग चोपडला होता. मापाडी म्हणाला, “हे विकायचं वजन आहे. घ्यायचं दुसरं असेल, ते घरी ठेवलं असेल.” बायबलमधील ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या २५ व्या अध्यायात पिशवीत दोन प्रकारची, एक लहान व एक मोठे अशी वजने बाळगू नयेत, अशी आज्ञा आहे. मूळ इब्री भाषेत तेथे वजनासाठी ‘दगड’ हाच शब्द आहे. ती आज्ञा मी लहानपणापासून पाठ केली होती, परंतु तिचा अर्थ मला त्या मेणाला नख लावले तेव्हा कळला.

आता वजनकाटे इलेक्ट्रॉनिक झाले, त्यांची दरवर्षी पडताळणी करून वैधमापन खात्याचा शिक्का घ्यावा लागतो, आणि म्हणूनच लबाडी काट्यातून निघून कागदावर आली. काटा अचूक दाखवतो आणि पट्टी लिहिताना दोन किलो गळतात. पोत्याचे वजन म्हणून जे बारदान वजा होते, त्यातही तेच. आमोस संदेष्ट्याच्या काळी, म्हणजे इसवी सनापूर्वी आठव्या शतकात, धान्याचे एफा हे माप लहान आणि शेकेल हे वजन मोठे करणारे व्यापारी शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विसाव्याचा दिवस, केव्हा सरतो याची वाट पाहत होते (आमोस ८:५). लक्षात घ्या, ते शब्बाथ पाळत होते. दुकान बंदच ठेवले होते. संदेष्ट्याचा राग त्यांच्यावरच आहे. उलट लूकच्या शुभवर्तमानात (६:३८) उदार मापाचे वर्णन आले, तेव्हा आपल्या मराठी भाषांतरकारांनी ‘शीग भरून’ असा अस्सल खळ्यावरचा शब्द वापरला. पायलीच्या काठावर धान्याचे शिखर उभे राहिलेले ज्यांनी पाहिले आहे, त्यांना त्याचे स्पष्टीकरण नको.

पंचसाहेब म्हणतात की दानाने ते फिटले. येशूला भेटलेल्या जक्कय नावाच्या श्रीमंत जकातदाराची गोष्ट (लूक १९) याच प्रश्नासाठी पुन्हा वाचावी. जक्कय दोन वेगळी वाक्ये बोलतो. अर्धे द्रव्य तो गरिबांना देतो, हे एक. ज्याचे अन्यायाने घेतले त्याला चौपट परत करतो, हे दुसरे. गरिबांना दिलेले अर्धे त्याने चौपटीच्या खात्यात वळते करून घेतले नाही. दान ज्याला द्यायचे तो आपण निवडतो, परतफेड ज्याला करायची तो आधीच ठरलेला असतो, आणि म्हणूनच दान देताना बरे वाटते व परतफेड करताना तोंड लपवावेसे वाटते. मोशेच्या नियमशास्त्रात, आपण होऊन कबुली देणाऱ्याने मुद्दल आणि त्यावर पाचवा हिस्सा द्यावा, असे आहे (गणना ५:७). मेंढरू चोरून कापणाऱ्या किंवा विकणाऱ्या चोराला चौपट दंड होता (निर्गम २२:१). म्हणजे जक्कयाला पाचव्या हिश्श्यावर भागवता आले असते, पण त्याने स्वतःला चोराच्या रांगेत उभे केले. आपल्याकडून चौपटीची अपेक्षा मी करीत नाही.

आपण विचाराल की दोष वडिलांचा, मग भरपाई माझ्याकडे कशी? बापाचा दोष मुलाने वाहायचा नाही, हे यहेज्केल संदेष्ट्याने आपल्या ग्रंथाच्या १८ व्या अध्यायात निःसंदिग्धपणे सांगितले आहे. म्हणून आपली झोप दोषाच्या भीतीने उडाली असेल तर ती भीती सोडून द्या. परंतु दोष वारशाने येत नसला तरी माल वारशाने आला आहे. दुसऱ्याची गाय आपल्या गोठ्यात बांधलेली निघाली, तर ती कोणी आणून बांधली याची चौकशी करीत बसण्याआधी तिला सोडावी लागते. बहीणभावंडांचा हिस्सा असेल तर त्यांच्याशी आधी बोला. पैसे वाटायला निघाल्यावर मागून वाद उभा राहिला, की शेतकऱ्याच्या हाती दिलेले पैसेही कडू होतात.

आता करायचे काय. जितक्या वर्षांच्या कच्च्या चिठ्ठ्या हाती आहेत, तितक्या वर्षांची नावे काढा. हाती नसलेल्या वर्षांसाठी अंदाज बांधत बसू नका, नाहीतर आठ वर्षांचे की दहा वर्षांचे या घोळात पहिलाही रुपया निघणार नाही. ज्याचा जितका माल कापला गेला, त्याची त्या वेळच्या दराने किंमत आणि वर पाचवा हिस्सा, असा हिशेब करून पाकीट घेऊन स्वतः त्याच्या घरी जा. वडिलांविषयी वाईट बोलू नका आणि समर्थनही करू नका. “आमच्याकडून आपला एवढा माल जादा आला, त्याचे हे पैसे” इतके पुरे. काही जण घेणार नाहीत, काही जण चहा पाजतील, एखादा चार शिव्याही देईल, आणि त्या ऐकून घेणे हा परतफेडीचाच भाग समजा. ज्यांचा पत्ता लागत नाही आणि वारसही सापडत नाहीत, त्यांच्यासाठीही नियमशास्त्रात सोय आहे. ती रक्कम परमेश्वराची होते आणि याजकाकडे जाते (गणना ५:८). माझी सूचना अशी की ती मंडळीच्या फंडात न टाकता त्या शेतकऱ्यांच्याच गावांत, तेथील शाळेसाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी लावावी, आणि कोनशिलेवर वडिलांचे नाव घालू नये. हे शेवटचे मी मुद्दाम लिहितो, कारण आपल्या समाजात कोनशिलेचा मोह पंचांपासून पाळकांपर्यंत कोणालाच सुटलेला नाही.

शेजारच्या दुकानाविषयी. कडता हा झाकलेला भाव असतो. शेजारी २,५०० रुपये भाव सांगतो आणि क्विंटलमागे दोन किलो कापतो, म्हणजे शेतकऱ्याच्या हाती २,४५० येतात. आपण भाव २,४५० सांगा आणि पूर्ण वजनाचे पैसे द्या. आपल्याला एक पैसाही जास्त पडत नाही. अडचण एवढीच की २,५०० हा आकडा कानाला गोड लागतो. त्यासाठी दुकानात फळा लावून हे गणित खडूने मोठ्या अक्षरांत मांडून ठेवा, रिकामे पोते शेतकऱ्यासमोर काट्यावर ठेवून त्याचे खरे वजन तेवढेच वजा करा, आणि माल ओला किंवा कचरायुक्त असेल तर त्याची घट तोंडी न ठरवता पट्टीवर कारणासह लिहा. पहिला हंगाम ओढीचा जाईल, दुसराही कदाचित जाईल. माणसे टिकतील की नाही याची हमी मी देऊ शकत नाही. संघात असताना मी इतकेच पाहिले की ज्या दुकानी पट्टी वाचून दाखवली जाते, तेथे पोरेसोरे आणि बायाबापड्याही एकट्या माल घेऊन येतात. जाणता गडी बरोबर असल्याशिवाय जेथे जाता येत नाही, ती दुकाने वेगळी.

प्रश्न : माझा कापडी पिशव्या शिवण्याचा छोटा व्यवसाय आहे. वस्तीतल्या आठ बायका माझ्याकडे शिवणकाम करतात, त्यांतल्या तिघी नवऱ्यामागे घर चालवतात. मोठी कंपनी माल घेते, पण बिल चार-चार महिन्यांनी काढते, त्यामुळे बायकांचे पैसेही दोन-दोन महिने रखडतात. मी कोणाला बुडवलेले नाही, आज ना उद्या सगळ्यांना देतेच. तरीही उपासनेत याकोबाचे पत्र वाचले गेले की मान खाली जाते. यात माझा दोष आहे का?
— एक भगिनी, पिंपरी-चिंचवड

उत्तर : ताई, आपण बुडवीत नाही हे खरे, परंतु नियमशास्त्र मजुरी बुडवण्याविषयी जितके बोलते तितकेच ती अडकवण्याविषयीही बोलते. लेवीय १९:१३ मध्ये मजुराची मजुरी रात्रभर सकाळपर्यंतसुद्धा आपल्याजवळ ठेवायची नाही, आणि अनुवाद २४:१५ मध्ये सूर्य मावळण्याच्या आत द्यायची. त्याचे कारणही तेथेच दिले आहे : तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या मजुरीकडे लागलेला आहे. याकोबाच्या पाचव्या अध्यायात तर अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते.

तुमच्या वस्तीत त्या ओरडण्याचा आवाज कसा असतो, ते तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. बचतगटाचा हप्ता ठरलेल्या वारी येतो. हातात पैसे नसले की शेकडा पाच रुपये महिना व्याजाने कोणाकडून तरी घ्यावे लागतात. चार हजार रुपये दोन महिने उशिरा मिळाले, तर त्या बाईने चारशे रुपये व्याज भरले. ते चारशे तिने कोणासाठी भरले? कंपनीसाठी. एवढी मोठी कंपनी आपले भांडवल वाचवते ते तुमच्या शिलाई मशीनवर बसलेल्या बाईच्या कर्जातून, आणि मध्ये तुम्ही नळीसारख्या आहात. म्हणून दोष कोणाचा या प्रश्नाचे माझे उत्तर असे की मूळ कंपनीचा, पण तुमच्या हातातला भाग तुमचा.

कंपनीच्या बाबतीत तुम्ही समजता तितक्या असहाय नाही. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे, आणि करार नसला तर १५ दिवसांपलीकडे पैसे लांबवता येत नाहीत. लांबवले तर बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज द्यावे लागते. २०२३ च्या वित्त अधिनियमाने त्यात भर घातली, ती अशी की ही मुदत चुकवून थकवलेली रक्कम खरेदीदाराला प्रत्यक्ष देईपर्यंत आयकरासाठी खर्च म्हणून दाखवता येत नाही. व्याजाच्या कलमाला न घाबरणारे हिशेब अधिकारी या तरतुदीला मात्र घाबरतात, असा माझा अनुभव आहे. उद्यम नोंदणी केली नसेल तर करून घ्या, तिला शुल्क नाही, आणि नोंदणी क्रमांक प्रत्येक बिलावर ठळक छापा. सुविधा परिषदेकडे तक्रार करता येते, पण एकच गिऱ्हाईक असताना ते पाऊल कोणी सहज उचलत नाही हे मी जाणतो. आधी बिलावरचा क्रमांक काय करतो ते पाहा.

घरच्या बाजूने, शिलाईची मजुरी कापड आणि दोऱ्याच्या ओळीत बसवा. कापडवाला उधारी देत नाही म्हणून त्याचे पैसे वेळेवर जातात, आणि बाई बोलत नाही म्हणून तिचे मागे राहतात. हा क्रम उलटा करायला हवा. नवी ऑर्डर घेताना निदान मजुरीइतकी उचल मागा. बँकेत मजुरीचे वेगळे खाते काढून त्यातून दुसरे काही देऊ नका. आणि हे होईपर्यंत आठही जणींना बसवून बिल केव्हा लावले, केव्हा येणे आहे, ते दाखवा. त्यांतली एखादी म्हणेल, “ताई, आम्हाला वाटायचं तुमच्याकडे आलेत आणि तुम्ही दाबून ठेवलेत.” ते ऐकायची तयारी ठेवा.

प्रश्न : भाजीवालीशी भावात घासाघीस करणे ख्रिस्ती माणसाला शोभते का? आमच्या घरी यावरून नेहमी वाद होतो.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : सतराव्या शतकात इंग्लंडमधील क्वेकर पंथाच्या दुकानदारांना हाच प्रश्न पडला होता. जो भाव घ्यायचा नाही तो सांगणे हे खोटे बोलणे आहे, आणि आपले होय ते होय असावे असे प्रभूने सांगितले आहे (मत्तय ५:३७), असे म्हणून त्यांनी एकच भाव ठेवला. सुरुवातीला गिऱ्हाईक बिथरले. पुढे लहान मुलाला पाठवले तरी फसवणूक होत नाही, हे कळल्यावर तेच गिऱ्हाईक परत आले.

हा झाला विक्रेत्याचा धर्म. गिऱ्हाइकासाठी नीतिसूत्रांत (२०:१४) एक मिश्कील वचन आहे. घेणारा वस्तूला “वाईट, वाईट” म्हणत राहतो आणि घेऊन गेल्यावर बढाई मारतो. भाव विचारावा, परवडत नसेल तर पुढे जावे, यात काही गैर नाही. ताज्या मेथीला शिळी म्हणून दोन रुपये पाडणे हे मात्र त्या वचनात बसते. राहिला प्रश्न जुडीवर फुकट मागितलेल्या कोथिंबिरीचा. मॉलमध्ये छापील किमतीपुढे आपण निमूट उभे राहतो आणि सगळा बाणेदारपणा टोपलीपुढे दाखवतो, एवढे बोलून मी आपल्या घरच्या वादातून अंग काढून घेतो.

प्रश्न : मी आमच्या मंडळीचा खजिनदार आहे. एका वीटभट्टीमालकाने प्रार्थनामंदिराच्या नव्या छतासाठी मोठी देणगी देऊ केली आहे. त्याच्या भट्टीवरच्या मजुरांचा हिशेब हंगामाअखेर कधीच पुरता होत नाही, उचल फिटली नाही म्हणून कुटुंबेच्या कुटुंबे पुढल्या वर्षीही तेथेच राहतात, हे गावात सर्वांना माहीत आहे. देणगी घ्यावी का?
— एक खजिनदार, मराठवाडा

उत्तर : येशूला धरून देण्यासाठी घेतलेली आणि यहूदाने परत फेकलेली चांदीची तीस नाणी मुख्य याजकांनी भांडारात घेतली नाहीत, कारण ते रक्ताचे मोल होते (मत्तय २७:६). नाणी त्यांनीच दिली होती, तरी भांडाराचे नियम त्यांना पाठ होते. नियमावर बोट ठेवून देणगी नाकारली म्हणजे आपले हात धुतले गेले, असे समजू नये, म्हणून हे आधी सांगितले.

कॅथलिक बंधूंच्या बायबलमध्ये असलेल्या सिराखच्या ग्रंथाच्या ३४ व्या अध्यायात, गरिबाच्या मालमत्तेतून अर्पण आणणे म्हणजे बापाच्या डोळ्यांदेखत मुलाला मारणे आणि मजुराची मजुरी हिरावणे म्हणजे रक्त सांडणे, असे म्हटले आहे. १५१४ साली क्यूबा बेटावर बार्तोलोमे दे लास कासास नावाचा स्पॅनिश धर्मगुरू उपदेशाची तयारी करताना या अध्यायाशी थबकला. त्याच्या स्वतःच्या ताब्यात वेठीला लावलेले मूळ रहिवासी होते. त्याने ते सोडून दिले आणि उरलेले आयुष्य त्यांच्या बाजूने भांडण्यात घालवले. याच माणसाने मधल्या काळात त्यांच्याऐवजी आफ्रिकेतून गुलाम आणावेत अशीही सूचना केली होती, आणि पुढे तिचा त्याला पश्चात्ताप झाला. डोळे उघडलेल्या माणसालाही सगळे एकदम दिसत नाही.

आपण त्या मालकाकडे पाळकांना बरोबर घेऊन जा आणि छताविषयी न बोलता हिशेबाविषयी बोला. भट्टीवरच्या प्रत्येक कुटुंबाची उचल, पाडलेल्या विटा आणि दिलेली रक्कम यांचा कागद त्याने करावा व वाचता येणाऱ्या माणसासमोर तो मजुरांना वाचून दाखवावा. त्यानंतर काही उरले आणि त्याला द्यावेसे वाटले, तर छत आहेच. तो रागावला तर पावसाळ्यात पत्र्याखाली बादल्या ठेवून उपासना करावी लागेल. आमच्या मंडळीने एक चौमासा तशी केली आहे, गायनात थोडा व्यत्यय येतो.

आणि निघण्याआधी मंडळीची स्वतःची वही पाहून जा. मंदिर झाडणाऱ्या बाईला आणि रात्रीच्या राखणदाराला आपण किती देतो, ते किमान वेतनाला पोचते का? अनेक मंडळ्यांत त्या रकमेला पगार न म्हणता ‘मानधन’ म्हणतात. भट्टीमालकाने तोच प्रश्न आपल्याला उलट विचारला, तर उत्तर तयार असावे.

प्रश्न : मी आयटीआय करून फॅब्रिकेशनचे वर्कशॉप टाकत आहे. नफ्यातला ठरावीक हिस्सा गरिबांना द्यावा, की धंदाच असा चालवावा की गरिबांना त्यातून मिळेल?
— एक तरुण वाचक, सांगली

उत्तर : इस्राएलात दशांशही होता आणि सरवाही, म्हणजे कापणीनंतर शेतात राहिलेले धान्य वेचण्याचा हक्कही, होता. शेताचे कोनेकोपरे झाडून कापू नयेत, पडलेली कणसे वेचू नयेत, ती गरिबाला आणि परक्याला राहू द्यावीत (लेवीय १९:९-१०), ही आज्ञा नफा मोजण्याच्या आधीची आहे. पीक घरात येण्यापूर्वीच त्यांचा हिस्सा शेतात उभा असतो, आणि तो घेण्यासाठी कोणाच्या दारात जावे लागत नाही. रूथ नावाची परकी विधवा स्वतःच्या कष्टाने वेचते. शेताचा मालक बवाज याने तर गड्यांना पेंढ्यांतून मुद्दाम काही कणसे काढून टाकायला सांगितली, आणि तिला धमकावू नका असेही बजावले (रूथ २:१६).

आपल्याकडे याची उदाहरणे आहेत. केडगावच्या मुक्ति मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी दुष्काळातून आणलेल्या मुलींना आणि विधवांना नुसते जेवू घातले नाही. विणकाम शिकवले, छापखाना घातला, आणि रमाबाईंनी केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराचे छपाईचे खिळे त्याच बायकांनी जुळवले. वसईत शेतकरी सावकाराच्या हाती सापडू नये म्हणून १९१८ साली मॉन्सिनियर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने पतपेढी निघाली, तिचीच पुढे बसीन कॅथलिक बँक झाली. कोकणातल्या घरांवर दिसणारे मंगलोरी कौलही यातलेच. धर्मांतरानंतर रोजगार गमावलेल्यांना काम देण्यासाठी स्वित्झर्लंडच्या बासेल मिशनने मंगळूरला विणकामाचे आणि १८६५ साली कौलांचे कारखाने काढले. कौल उत्तम निघाले. मात्र नोकरी, घर आणि उपासना एकाच मालकाच्या हाती आली की कामगाराला मालकाशी भांडता येत नाही, एवढे त्या प्रयोगाविषयी मला खटकते. म्हणून आपल्या वर्कशॉपात मंडळीतला मुलगा कामाला घेतलात, तर त्याच्याकडून प्रार्थनेला हजेरीची अपेक्षा करू नका. कामाला वेळेवर यावे, इतकी करा.

आपला कोनाकोपरा कोणता, हे धंदा वाढेल तसे कळेल. वेल्डिंगचा चष्मा आणि हातमोजे कामगाराच्या पगारातून कापायचे नाहीत, शिकाऊ मुलाला शिकाऊ म्हणून तीन वर्षे वापरून घ्यायचे नाही, येथून सुरुवात होते. भविष्यनिर्वाह निधीचा कायदा वीस कामगारांपासून लागू होतो. हजेरीपुस्तकात एकोणीस नावांखाली रेघ मारून विसाव्याला कंत्राटदाराच्या वहीत टाकणारे, आणि रविवारी पहिल्या बाकावर बसणारे कारखानदार मी पाहिले आहेत. आपल्याकडे विसावा माणूस कामाला येईल, त्या वेळी मला पुन्हा पत्र लिहा.